भारतात १५ टक्के लोक लिनक्स वापरतात? या आकड्यात तुमचा फोनही असू शकतो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यांचा लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांच्यापुढे तीनच वाटा उरल्या. नवा लॅपटॉप घ्यायचा, मुदतवाढ मिळवून दिवस ढकलायचे, किंवा लिनक्स टाकायचं.

त्याच दिवशी 'झोरिन ओएस १८' ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आली. महिनाभरात तिचे १० लाख डाउनलोड झाले आणि त्यातले ७८ टक्के विंडोजच्या कॉम्प्युटरवरून झाले, असं ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलं. मग काय, सोशल मीडियावर 'लिनक्सची लाट आली' अशा पोस्ट सुरू झाल्या. आणि अशा पोस्टमध्ये हमखास दिसणारा एक जुना आकडाही पुन्हा फिरू लागला: भारतात १५ टक्क्यांहून जास्त डेस्कटॉप कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात.

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. आयर्लंडमधल्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या सार्वजनिक आकडेवारीत २०२४ च्या मध्याला भारतातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा खरोखरच १५ टक्क्यांच्या वर दिसत होता. जगाची सरासरी तेव्हा ४ टक्क्यांच्या आसपास होती.

पण १५ टक्के म्हणजे दर सात कॉम्प्युटरमागे एक. तुमच्या घरचे, नात्यातले, ऑफिसातले सात कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा. त्यातला एक लिनक्सवर आहे का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच असेल. मग चूक कुणाची, तुमच्या अनुभवाची की आकड्याची?

बिलच नाही, तर नोंद कुठून येणार?

विंडोजची मोजणी मायक्रोसॉफ्टला तुलनेने सोपी आहे. विंडोज विकलं जातं, ॲक्टिव्हेट होतं आणि इंटरनेटवरून कंपनीशी बोलत राहतं. म्हणूनच मार्च २०२० मध्ये 'विंडोज १० आता १०० कोटी उपकरणांवर चालतंय' असं कंपनी छातीठोकपणे सांगू शकली.

लिनक्सचं तसं नाही. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशा शेकडो आवृत्त्या आहेत. त्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. प्रत्येकीची मंडळी वेगळी, सर्व्हर वेगळे. या सगळ्या 'मुक्त' आहेत, आणि मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. लायसन्सच कुणालाही परवानगी देतं की हे सॉफ्टवेअर घ्या, कॉपी करा, बदला, दुसऱ्याला द्या. आणि हे करताना कुणालाही कळवण्याचं बंधन नाही.

म्हणजे एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजने उबंटू एकदा डाउनलोड केलं आणि पेन ड्राइव्हवरून लॅबमधल्या ४० कॉम्प्युटरवर टाकलं, तर उबंटूच्या सर्व्हरवर नोंद होते ती एका डाउनलोडची. उलट एखादा हौशी विद्यार्थी सुट्टीत दहा डिस्ट्रो उतरवतो, दोन दिवस खेळतो आणि पुन्हा विंडोजवर येतो. त्याच्या नावावर दहा डाउनलोड, आणि लिनक्स वापरणारा माणूस शून्य.

झोरिनच्या १० लाखांकडेही याच नजरेने पाहायला हवं. आकडा खोटा म्हणण्याचं कारण नाही. पण त्यातली किती डाउनलोड कॉम्प्युटरवर बसली आणि बसलेल्यांपैकी किती सहा महिन्यांनी टिकली, ते त्यातून कळत नाही. '७८ टक्के विंडोजवरून' याचंही फार आश्चर्य वाटायला नको. ज्याच्याकडे विंडोज आहे तोच नवी सिस्टिम शोधायला निघणार, आणि ती तो विंडोजवरूनच डाउनलोड करणार.

दुकानातल्या विक्रीवरून अंदाज बांधावा, तर भारतात तोही फसतो. आपल्याकडे स्वस्त लॅपटॉप अनेकदा विंडोजशिवाय विकले जातात. बॉक्सवर 'उबंटू' किंवा 'डॉस' लिहिलेलं असतं, कारण त्यामुळे किंमत काही हजारांनी उतरते. पुढे त्यावर ओळखीचा कुणीतरी 'विंडोज टाकून देतो'. विक्रीच्या कागदावर तो लॅपटॉप लिनक्सचा, घरात मात्र विंडोजचा.

टोलनाक्यावरची मोजणी

मग स्टॅटकाउंटर मोजतं तरी काय? तर या कंपनीचा एक छोटा कोड जगभरातल्या लाखो वेबसाइटवर बसवलेला आहे. तुम्ही त्यातली एखादी साइट उघडली की तुमचा ब्राउझर कोणता, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती याची नोंद होते. महिन्याला अशा अब्जावधी पेज व्ह्यूची गोळाबेरीज करून टक्केवारी काढली जाते.

इथे 'पेज व्ह्यू' हा शब्द महत्त्वाचा. मोजली जातात ती उघडलेली पानं, माणसं नव्हेत. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर बसून गाड्या मोजल्या आणि त्यावरून महाराष्ट्रात कुठल्या कंपनीच्या गाड्या किती आहेत हे ठरवलं, तर जे होईल तेच इथे होतं. रोज ये-जा करणारी टॅक्सी महिन्यात साठ वेळा मोजली जाईल. कोल्हापुरात दारात उभी असलेली गाडी एकदाही नाही.

शिवाय नाका कुठे आहे यावरही बरंच अवलंबून. स्टॅटकाउंटरचा कोड ज्या साइटवर नाही, तिथली वर्दळ त्यांच्या हिशोबात येतच नाही. कंपनी हे लपवत नाही. पद्धत जाहीर आहे, आणि आकड्यांना लोकसंख्येप्रमाणे कृत्रिम वजन देत नाही हेही तिने सांगून ठेवलंय.

त्यातून कधी कधी गमती होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये याच आकडेवारीत विंडोज ७ चा वाटा अचानक ९ टक्क्यांच्या वर गेलेला दिसला. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० मध्येच संपलाय. लोकांनी रातोरात माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर काढले, यावर कुणाचा विश्वास बसेल? मोजणीतच काहीतरी घडलं असणार, हे उघड आहे. विंडोज ७ च्या बाबतीत आपण हे लगेच मान्य करतो. लिनक्सचा आकडा वर गेला की मात्र त्याच आलेखाचा स्क्रीनशॉट आनंदाने शेअर होतो.

दुसरी पद्धतही होती. नेटमार्केटशेअर ही सेवा पानांऐवजी वेगवेगळ्या भेट देणाऱ्यांची मोजणी करायची आणि देशातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार आकड्यांना वजन द्यायची. एप्रिल २०२० मध्ये, जग लॉकडाउनमध्ये असताना, तिच्या आलेखात लिनक्स एका महिन्यात १.३६ वरून २.८७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे दुपटीहून जास्त. लोक घरी बसले म्हणून हे घडलं की ऑफिसातले विंडोज कॉम्प्युटर बंद पडले म्हणून, यावर भरपूर चर्चा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरचे आकडे देऊन ही सेवा बंद पडली. ब्राउझर आपली माहिती देण्याची पद्धत बदलणार असल्याने आपलं तंत्र चालणार नाही, असं कारण तिने दिलं होतं.

फोन जेव्हा कॉम्प्युटर असल्याचं सांगतो

ब्राउझर ही 'आपली माहिती' देतो म्हणजे काय, हे समजलं की भारतातल्या १५ टक्क्यांकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं.

कुठलीही साइट उघडताना ब्राउझर एक ओळ पाठवतो. तिला 'युजर एजंट' म्हणतात. मी अमुक ब्राउझर, अमुक सिस्टिमवर चालतोय, असं त्यात लिहिलेलं असतं. हे ओळखपत्र ब्राउझर स्वतःच छापतो. ते खरं की खोटं, हे तपासणारा कुणी नसतो.

आता तुमच्या अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडा आणि वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करा. तिथे 'डेस्कटॉप साइट' असा पर्याय दिसेल. फॉर्म भरताना किंवा निकाल पाहताना मोबाइलवर साइट नीट उघडत नसेल, तर अनेक जण यावर टिक करतात. ती टिक केली की फोन आपल्या ओळखपत्रातून 'अँड्रॉइड' हा शब्द काढून टाकतो. त्या जागी जे लिहिलं जातं ते विंडोज नसतं, मॅकही नसतं. तिथे येतं 'एक्स११. लिनक्स', म्हणजे डेस्कटॉपवरच्या लिनक्सची अस्सल खूण.

नुसत्या ओळखपत्रावर भिस्त ठेवणाऱ्या मोजणीला तुमच्या हातातला सहा इंची फोन लिनक्सचा कॉम्प्युटर वाटू शकतो. स्क्रीनचा आकार वगैरे पाहून हे सोंग ओळखता येतं, पण दर वेळी नाही. आणि ज्या देशात बहुतांश लोकांचं इंटरनेट म्हणजे अँड्रॉइड फोन, त्या देशात शंभरातल्या एकाने जरी ही टिक चालू ठेवली, तरी 'डेस्कटॉप'च्या छोट्या गटात तो आकडा मोठा दिसणार. भारताच्या १५ टक्क्यांतला नेमका किती भाग असा आहे, हे जाहीर आलेखातून वेगळं काढता येत नाही. पण अमेरिकेपेक्षा किंवा जर्मनीपेक्षा भारतात लिनक्स कितीतरी पुढे आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी हा मुद्दा विसरून चालणार नाही.

चूक उलट्या दिशेनेही होते. टॉर हा गोपनीयता जपणारा ब्राउझर अनेक वर्षं सगळ्या डेस्कटॉपवरून 'मी विंडोज' असंच सांगत आला, म्हणजे गर्दीत कुणी वेगळा उठून दिसू नये. आणि लिनक्स वापरणारी मंडळी ॲडब्लॉकर वापरण्यातही पुढे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. असे ॲडब्लॉकर जाहिरातींबरोबर स्टॅटकाउंटरसारखे मोजणी करणारे कोडही अडवतात. तो माणूस मग नाक्यावरून जातो, पण कॅमेऱ्यात येत नाही.

गेमर्सची गणना आणि सायबर कॅफे

लिनक्सवाल्यांचा आणखी एक आवडता आकडा स्टीममधून येतो. स्टीम हे गेम विकणारं जगातलं मोठं दुकान. ते दर महिन्याला काही वापरकर्त्यांना विचारतं, 'तुमच्या कॉम्प्युटरची माहिती पाठवू का?' हो म्हणालात तर नोंद, नाही म्हणालात तर विषय संपला. ऑक्टोबर २०२५ च्या सर्व्हेत लिनक्सने पहिल्यांदाच ३ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा स्टीमओएसचा होता. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रात हीच सिस्टिम येते.

इथे निदान प्रत्यक्ष मशीन तपासलं जातं, फोनची नक्कल चालत नाही. पण याही मोजणीचे आपले घोळ आहेत. २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कबूल केलं की मागचे सात महिने सायबर कॅफेतले खेळाडू जास्तीचे मोजले जात होते. एका मशीनवर दिवसभरात दहा जण लॉगिन करत, त्यामुळे तेच मशीन पुन्हा पुन्हा सर्व्हेत येत राहिलं. कॅफेत विंडोजच असायचं, म्हणून त्या काळात लिनक्सचा वाटा आपोआप आक्रसलेला दिसला.

मार्च २०२३ मध्ये सर्व्हेत चिनी भाषा वापरणाऱ्यांचं प्रमाण एकदम निम्म्यावर गेलं आणि लिनक्स १ टक्क्याच्या खाली घसरलं. पुढच्या महिन्यात सगळं पूर्ववत. लिनक्स सोडून कुणी कुठे गेलं नव्हतं. त्या महिन्यात प्रश्न कुणाला विचारला गेला, एवढंच बदललं होतं.

आणि हा सर्व्हे शेवटी गेम खेळणाऱ्यांचा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरच्या साइटच्या वार्षिक सर्व्हेत साधारण चारातला एक जण वैयक्तिक कामासाठी उबंटू वापरत असल्याचं सांगतो. ३ टक्के की २५ टक्के? दोन्ही बरोबर असू शकतात. माणसं वेगळी आहेत.

नाव न विचारता डोकी कशी मोजायची?

एवढं सगळं बघितल्यावर साहजिक प्रश्न पडतो. लिनक्स बनवणारेच का मोजत नाहीत? प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर द्या, तो इंटरनेटवर आला की नोंद करा, झालं!

फेडोराच्या बाबतीत नेमका हाच प्रस्ताव जानेवारी २०१९ मध्ये आला होता. तोवर फेडोराची मंडळी अपडेट मागणाऱ्या आयपी पत्त्यांवरून अंदाज बांधत. पण आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. अख्ख्या कॉलेजचे शंभर कॉम्प्युटर बाहेरून एकाच पत्त्यावर दिसू शकतात. तर एकच लॅपटॉप घरी, ऑफिसात आणि कॅफेत नेला की दिवसात तीन पत्त्यांवर उगवतो. म्हणून प्रत्येक मशीनला स्वतंत्र क्रमांक देण्याची कल्पना पुढे आली.

त्यावर आक्षेप आले, आणि ते रास्त होते. अनेक जण लिनक्सकडे वळतात तेच मुळी आपल्यावर कुणी पाळत ठेवू नये म्हणून. कायमचा क्रमांक दिला की आज ना उद्या त्याचा माग काढता येतो.

मग फेडोराने जी तोड काढली, ती या सगळ्या गोष्टीतली बहुधा सर्वात शहाणपणाची. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या फेडोरा ३२ पासून कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा, अपडेटची यादी मागताना, 'मला मोज' एवढीच खूण पाठवतो. नाव नाही, नंबर नाही. सोबत फक्त वयाचा गट: पहिला आठवडा, पहिला महिना, सहा महिन्यांच्या आत, की त्याहून जुना. आठवड्यातून एकदाच हात वर करायचा असल्यामुळे तोच कॉम्प्युटर दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी, आणि हात कुणाचा होता हे कळायची सोय नाही.

वयाचा गट कशासाठी? सर्व्हरच्या दुनियेत हजारो लिनक्स सिस्टिम चाचणीसाठी सुरू होतात आणि तासाभरात पुसल्या जातात. त्यांना 'वापरकर्ते' धरलं तर आकडा फुगतो. सहा महिन्यांहून जुनी मशीन वेगळी काढली की कुणाकडे तरी खरोखर टिकलेल्या सिस्टिम दिसू लागतात.

तरीही हा हिशोब पूर्ण नाही. ज्या संस्था अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरून वाटतात किंवा ज्यांचे कॉम्प्युटर इंटरनेटलाच जोडलेले नाहीत, ते यात येत नाहीत. ही खूण बंद करायचीही मुभा आहे.

उबंटूने २०१८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. सिस्टिम पहिल्यांदा सुरू झाली की ती विचारते, तुमच्या मशीनची माहिती पाठवू का? साधारण दोन-तृतीयांश लोकांनी होकार दिला. हे प्रमाण कंपनीला कळलं कसं? तर 'नाही' म्हणणाऱ्यांकडूनही 'याने नाही म्हटलं' एवढा निरोप जातो! डेबियनमध्ये इन्स्टॉल करताना असाच प्रश्न येतो, पण तिथे आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. बहुतेक लोक एंटर दाबून पुढे जातात.

कॉम्प्युटर एक, विद्यार्थी चाळीस

समजा, उद्या जगातलं प्रत्येक लिनक्स मशीन बिनचूक मोजता आलं. तरी 'किती लोक' हा प्रश्न उरतोच.

केरळचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी शाळांमध्ये गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं जातं. २०१९ मध्ये राज्याच्या 'काइट' या संस्थेने उबंटूवर आधारलेली सिस्टिम शाळांमधल्या २ लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर बसवायला घेतली, आणि त्यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. हा हिशोब दर कॉम्प्युटरमागे सुमारे दीड लाखाच्या लायसन्स खर्चाचा आहे. तो दर जास्त वाटत असेल तर वाद घालता येईल. पण इथे कॉम्प्युटरची संख्या अंदाजाने नाही, सरकारी नोंदवहीतून येते.

आता एका लॅबमधला एक कॉम्प्युटर. सकाळी आठवीची मुलं, दुपारी नववीची, नंतर दहावीची. वापरणारे किती? फेडोराच्या पद्धतीने एक. पेज व्ह्यूच्या पद्धतीने, त्या दिवशी इंटरनेट उघडलंच नाही तर शून्य. आणि शिक्षकांना विचाराल तर शंभरावर मुलं. शिवाय ही मुलं घरी गेल्यावर विंडोजचा लॅपटॉप उघडत असतील, तर त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं?

दुसऱ्या टोकाला अँड्रॉइड आहे. त्याच्या पोटात लिनक्सचंच कर्नल चालतं. शाळांत वापरल्या जाणाऱ्या क्रोमबुकचंही तेच, पण स्टॅटकाउंटर क्रोमओएसचा वेगळा रकाना ठेवतं. अँड्रॉइड धरलं तर लिनक्स ही जगातली सर्वात जास्त वापरली जाणारी सिस्टिम ठरते. 'मुक्त' शब्दाचा कडक अर्थ घेतला तर गणित एकदम उलटतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ उभी करणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था उबंटू आणि डेबियनलाही आपल्या शिफारशीच्या यादीत घेत नाही. कुठली व्याख्या घ्यायची त्यावर उत्तर काही अब्जांपासून काही हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतं.

आकडा छोटा दिसला की काय होतं?

हा नुसता हौशी लोकांचा वाद असता तर सोडून देता आला असता. पण या टक्केवारीवर निर्णय होतात. प्रिंटर बनवणारी कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहायचा की नाही हे वापरणाऱ्यांच्या अंदाजावरून ठरवते. बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलसाठी लागणारं डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर आधी विंडोजसाठी तयार होतं, ते याच कारणाने. आणि ड्रायव्हर नाही, सही होत नाही, म्हणून माणूस पुन्हा विंडोजवर जातो. पुढच्या मोजणीत लिनक्स आणखी छोटं दिसतं.

'एपेक्स लेजेंड्स' या गेमच्या बाबतीत हे उघडपणे घडलं. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी ईए या कंपनीने लिनक्सवरून हा गेम खेळणं बंद केलं. स्टीम डेक विकत घेतलेले खेळाडूही त्यात आले. लिनक्सच्या खुलेपणाचा फायदा घेऊन चीटिंग करणारे वाढले आहेत आणि त्यांना पकडणं अवघड आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. लिनक्सवर प्रामाणिकपणे खेळणारे किती आणि बाकीच्या सगळ्यांचा खेळ किती बिघडतोय, हे तोलून निर्णय घेतल्याचंही तिने निवेदनात सांगितलं.

प्रामाणिकपणे खेळणारे नेमके किती होते, तो आकडा निवेदनात नव्हता.